एरंडेलाचा धूर

एरंडेल म्हटलं की तुम्हाला काय आठवणार ते मला ठाऊक आहे. सुट्टीतल्या एखाद्या सकाळी आईनं चिमटीत धरलेलं नाक, वर सुंठीचा कडक चहा, आणि मग दिवसभर घरापासून लांब जायची चोरी. माझ्या वाट्याला तेही आलं, पण माझ्या नाकात कायमचं बसलेलं एरंडेल जळलेलं आहे. गोडसर, किंचित खवट, निळ्या-पांढऱ्या धुरात मिसळून परसातल्या तुळशीवरून, दोरीवरच्या लुगड्यांवरून तरंगत जाणारं आणि आमच्या आप्पांच्या खाकी शर्टाच्या बाह्यांमध्ये असं मुरलेलं, की मोठ्या आईनं तो शर्ट कितीही आपटून धुतला तरी उन्हात वाळताना तो वास पुन्हा वर यायचा. आता आप्पा नाहीत, मोठी आईही नाही, आणि केजमधलं ते परस विकलं त्यालाही बरेच दिवस झाले.

आप्पा म्हणजे माझे थोरले चुलते. बासष्टच्या युद्धानंतर हवाई दलात भरती झाले, इंजिन फिटर म्हणून. जोरहाटला डाकोटा विमानांच्या इंजिनांखाली त्यांची उमर गेली. डाकोटाला दोन इंजिनं, आणि प्रत्येकाला १४ सिलिंडर, सातासातांच्या दोन ओळींत मधल्या दांड्याभोवती गोल लावलेले. नोकरी संपवून गावी परतले तेव्हा विमान कुठलं, आमच्याकडे एसटी वेळेवर आली तरी नवल. म्हणून अंबाजोगाई रस्त्याला एक लेथ टाकला आणि विहिरींवरची ऑइल इंजिनं दुरुस्त करू लागले. किर्लोस्करची, साताऱ्याच्या कूपरची, क्वचित एखादं म्हातारं लिस्टर. धारूरपासून युसूफवडगावपर्यंतचे शेतकरी बैलगाडीत इंजिन घालून आणायचे आणि नोझल, रिंगा, लायनर असं काहीबाही बदलून न्यायचे. निघण्याआधी आप्पा स्वतः हँडल मारायचे. कॉम्प्रेशनची कळ सोडून फ्लायव्हीलला वेग आला, की कळ टाकायची. पहिला ठोका बसायचा, मग दुसरा, आणि समोरच्या लिंबावरची कबुतरं उठायची. पण चेहऱ्यावर आनंद दिसायचा नाही. एका सिलिंडरच्या ठोक्यावर त्यांचं मन भरत नसावं, असं मला आता वाटतं.

अमेरिकेतल्या आमच्या चुलतभावानं एकदा नकाशांचं भेंडोळं आणून दिलं, पाच सिलिंडरच्या छोट्या रेडियल इंजिनाचं, मॉडेल विमानाला लावतात तसल्या. ते भेंडोळं किती दिवस कपाटावर धूळ खात पडलं कोण जाणे, आणि एक दिवस दुकानाच्या मागं भट्टी पेटली. ट्रॅक्टरचे टाकाऊ पिस्टन वितळवून मधला डबा ओतला गेला. मग सिलिंडर, त्यांच्या नखाएवढ्या जाड फिनी, एक मोठा कनेक्टिंग रॉड आणि त्यालाच खिळवलेले बाकीचे चार. कामाची गर्दी नसली की रात्री लेथ फिरायचा. पोलादाचा निळसर कीस आणि कटिंग ऑइलचा वाफाळता वास घेऊन आप्पा जेवायला बसायचे, आणि मोठी आई भाकरी वाढताना म्हणायची, "आधी हात धुवून या बरं, अंगाला कारखाना लागलाय." कित्येक पावसाळे गेले यात. सागाच्या फळीतून हातभर लांबीचा पंखा तासून झाला आणि परसातल्या बाभळीच्या ओंडक्यावर ते इंजिन बसलं, तेव्हा ते माझ्या दोन ओंजळींत मावेल एवढं होतं.

विषमच सिलिंडर का, हे मला त्यांनी पंगतीवरून समजावलं होतं. पाच जण गोल बसलेत, वाढपी एक ताट सोडून एक वाढत जातो. पहिला, तिसरा, पाचवा, मग दुसरा, चौथा, आणि पुन्हा पहिल्यापाशी. दोन फेऱ्यांत सगळ्यांना मिळालं, कुणी उपाशी नाही, कुणाला दोनदा नाही. सहा जण बसवले तर तिघं उपाशीच राहतील. चार स्ट्रोकच्या इंजिनात प्रत्येक सिलिंडरला दोन फेऱ्यांत एकदाच ठिणगी लागते, म्हणून हा हिशोब. पुढं शिकताना हेच मला वर्गात फळ्यावर भेटलं, पण तिथं कुणी जेवत नव्हतं.

आता तुम्ही म्हणाल, एवढंसं इंजिन, चालू करायला काय लागतं! लागायचं ते सगळं चालू करण्याच्या आधीच. रेडियल इंजिन उभं राहिलं, की तेल हळूहळू ओघळून तळच्या दोन सिलिंडरांत साचतं. तसाच पंखा जोरानं फिरवला तर तेल काही दाबलं जात नाही, आणि मग आतला रॉड वाकतो. म्हणून आधी खालचे दोन प्लग काढायचे, खाली पितळी ताटली धरायची आणि पंखा एका बोटानं, अगदी सावकाश, फिरवायचा. मधासारखं काळपट तेल थेंबाथेंबानं ताटलीत उतरायचं. जोरहाटला पहाटेच्या धुक्यात डाकोटाचे मोठे पंखे माणसं अशीच हातानं फिरवायची, हे सांगताना आप्पांचं बोट थांबायचं, आणि पुढचं बोलणं न बोलताच ते परत फिरवू लागायचे. मी घाई केली तर, "थांब की. कुठं गाडी सुटायलीय तुझी?"

मग इंधन. चार भाग मिथेनॉल आणि एक भाग एरंडेल. मिथेनॉल मागायला गेलं की दुकानदार संशयानं बघायचा. हातभट्टीच्या बातम्या वाचलेला माणूस, त्याचं काय चुकलं? एरंडेल मात्र घरचं. बांधावरच्या एरंडाच्या बिया भाजून, कुटून, पाण्यात उकळून मोठी आई तेल काढायची, बाळंतिणींसाठी आणि तान्ह्यांच्या टाळूसाठी. त्यातलं आप्पा उचलायचे, पाण्याचा अंश उडेपर्यंत तापवायचे, मांजरपाटातून पुन्हापुन्हा गाळायचे. ती कुरकुरली की ते पहिल्या महायुद्धातल्या वैमानिकांची गोष्ट काढायचे: त्यांच्या गोल फिरणाऱ्या इंजिनांतही एरंडेलच होतं, कारण ते पेट्रोलमध्ये विरघळत नाही आणि तापलेल्या लोखंडाला धरून राहतं, बिचाऱ्यांच्या तोंडावर उड्डाणभर त्याचे फवारे. "मग त्यांच्या बायकांनी काय केलं असंल," एवढंच मोठी आई म्हणायची आणि बरणी पुढं सरकवायची.

थंडीत इंजिन सकाळभर ओट्यावर उन्हाला ठेवलेलं असायचं. दिवाळीनंतरचे ते दिवस, ऊसतोडीला गाड्या निघून गेलेल्या, आजूबाजूच्या वाड्या-वस्त्या अर्ध्या रिकाम्या, आणि हवेत आवाज लांबवर जाईल अशी शांतता. माझं काम चिमटे लावायचं. दोन व्होल्टच्या सेलपासून निघालेल्या पाच वायरी, पाच प्लगांना. प्लगातली प्लॅटिनमची बारीक तार लाल झाली की नाही हे तोंडाजवळ नेऊन बघायचं, आणि मग पंख्याच्या रेषेतून बाजूला, पार मागं उभं राहायचं. आप्पा कार्बोरेटरच्या तोंडावर अंगठा ठेवून पंखा दोन-चार वेळा फिरवायचे, आत ओलेपणा किती गेला हे बोटाला कळेपर्यंत. मग सायकलच्या ट्यूबचा तुकडा चढवलेलं लाकडी दांडकं, आणि एक झटका. काही नाही. आणखी एक. वरचा सिलिंडर शिंकल्यासारखा करून गप्प. पुन्हा झटका, आणि आता दोन सिलिंडर बोलले, पंखा अडखळला, तिसऱ्यानं हात दिला, चौथा आला, धुराचा एक मोठा लोट तुळशीकडे गेला आणि पाचवा मिळाला तशी ती अडखळ पुसली जाऊन एकसंध, गोल, खोल असा गुरगुराट परसभर भरायचा. मी एकेक चिमटा काढून घ्यायची. सेल सुटला तरी तारा लालच राहायच्या. मिथेनॉल त्यांना विझू देत नसे.

सगळ्यांत मला आवडायचं ते पाण्याचं बोट. आप्पा वाटीत बोट बुडवून इंजिनाच्या मागच्या बाजूनं प्रत्येक सिलिंडरवर एकेक थेंब सोडायचे. जळणाऱ्यावर थेंब चुर्र होऊन उडायचा, थंड असलेल्यावर नुसता ओघळायचा. "चार नंबर झोपलाय," म्हणायचे, आणि सुई केसभर फिरवायचे. लोक विचारायचे, हे उडणार कधी? उडवायचं त्यांच्या मनात कधीच नव्हतं. विमान बांधायला घ्यावं असं माझ्या मनात यायचं. त्यांना पाचांचा एक झालेला आवाज हवा होता, टाकीतलं इंधन संपेपर्यंत.

२०१८ साली 'परशुराम' नावाचं जुनं डाकोटा इंग्लंडात दुरुस्त होऊन हवाई दलाकडे आलं. राजीव चंद्रशेखर यांनी ते भेट दिलं. त्यांचे वडील डाकोटाचे वैमानिक होते. त्याचा व्हिडिओ मी आप्पांना मोबाईलवर दाखवला. तेव्हा त्यांना मोतीबिंदूनं नीट दिसत नव्हतं, म्हणून त्यांनी फोन कानाशी धरला. इंजिन पेटलं, गडबडलं, लागलं. "डावं जरा उशिरा धरायलंय," म्हणाले, "पण हात चांगला आहे कुणाचा तरी." पुढच्या वर्षी ते गेले.

केजच्या आसपास आता विहिरी कमी आणि बोअर जास्त. पाण्यात बुडवलेल्या मोटारी बटणावर चालतात, वीज असली तर. हँडल मारणारी माणसं गेली, आणि संध्याकाळी शिवारातून येणारे, एकमेकांत न मिसळणारे ते चार-सहा इंजिनांचे ठोकेही गेले. मला रात्री जाग आली की कान आपोआप तिकडं लागतात, आणि पुण्यात त्याला काही अर्थ नाही.

इंजिन माझ्याकडे आहे, तेलात भिजवलेल्या मांजरपाटात, पाचही प्लग शाबूत. इंधनाचं प्रमाण मला माहीत आहे, क्रमही माहीत आहे. अंगठ्याला आतला ओलेपणा किती झाला की पुरे, हे आप्पांच्या अंगठ्याला माहीत होतं, म्हणून मी ते कधी चालू केलं नाही आणि करणारही नाही. तुम्ही घरी आलात तर दाखवीन. पंखा फिरवून बघावासा वाटला तर खुशाल बघा, फक्त आधी खालचे दोन प्लग काढा, आणि एका बोटानं.