दोनशे तासांचे गुरुकुल

पाश्चात्त्य देशांत आज ज्याला योगशिक्षक प्रशिक्षण म्हणतात, तो तासांत मोजला जाणारा अभ्यासक्रम असतो, आणि त्याचे सर्वांत प्रचलित माप दोनशे तास हे आहे. हे माप १९९९ साली अमेरिकेत स्थापन झालेल्या ‘योगा अलायन्स’ या संस्थेने रूढ केले. ही संस्था कोणालाही शिकवण्याचा सरकारी परवाना देत नाही, केवळ शिक्षकांची आणि प्रशिक्षण केंद्रांची नोंद ठेवते. ब्रिटनमध्ये तर योग शिकवण्यासाठी कायद्याने कोणतीही पदवी लागत नाही. तरीही भाड्याने सभागृह देणारे, व्यायामशाळा चालवणारे आणि विमा उतरवणारे असे सगळेच प्रमाणपत्र मागत असल्यामुळे दोनशे तासांना जवळजवळ नियमाचेच वजन आले आहे. हे तास वर्षभराच्या शनिवार-रविवारांत विभागता येतात किंवा एकाच महिन्यात बसवता येतात. दुसऱ्या प्रकाराला सघन प्रशिक्षण म्हणतात आणि त्यात सुट्या वगळून चोवीस दिवस धरले, तर रोज आठ तासांहून थोडे अधिक काम पडते.

लंडनमध्ये स्थायिक झालेला मराठी माणूस अशा वर्गात नाव नोंदवतो तेव्हा आपण घरच्याच विद्येकडे परत चाललो आहोत अशी त्याची समजूत असते आणि वर्गातील इतरांचीही त्याच्याविषयी तीच समजूत असते, म्हणून पहिल्याच दिवशी संस्कृत नावांचे उच्चार करून दाखवण्याचे काम त्याच्याकडे येते. प्रत्यक्षात त्याला तेथे जे शिकवले जाते त्याचा बराचसा भाग महाराष्ट्र आणि लंडन यांच्यामध्ये गेल्या शंभर वर्षांत जी देवाणघेवाण झाली तिच्यातून घडलेला आहे, आणि त्याची रचना व शिस्त यांवर लंडनची छाप अधिक आहे. प्रशिक्षणाच्या रोजच्या दिनक्रमात हे सांधे जागोजागी दिसतात.

पहिला सांधा पहाटेच दिसतो. साधनेची वेळ म्हणून ब्राह्ममुहूर्त सांगितला जातो, म्हणजे सूर्योदयापूर्वी दोन मुहूर्तांनी सुरू होणारा काळ. मुहूर्त अठ्ठेचाळीस मिनिटांचा धरला तर ही वेळ सूर्योदयाच्या शहाण्णव मिनिटे आधी येते. हा हिशेब विषुववृत्तापासून फार दूर नसलेल्या प्रदेशात बांधला गेला आहे. भंडारा जिल्ह्यातील पवनी तालुक्यात वैनगंगेवर असलेले, १९८८ साली भूमिपूजन झालेल्या धरणामुळे साऱ्या महाराष्ट्राला नावाने ठाऊक असलेले गोसीखुर्द घेतले, तर तेथे वर्षातील सर्वांत लवकरचा आणि सर्वांत उशिराचा सूर्योदय यांत दीड तासाचेही अंतर पडत नाही आणि पहाटे उठणाऱ्याचे घड्याळ बाराही महिने साधारण तेच राहते. लंडन मात्र जवळजवळ साडेएक्कावन्न अक्षांशावर आहे. तेथे जूनमध्ये सूर्य पावणेपाचच्याही आधी उगवतो आणि जानेवारीच्या आरंभी आठ वाजून गेल्यावर. शास्त्र अक्षरशः पाळायचे तर जूनमध्ये पहाटे तीनच्या सुमारास उठावे लागेल, आणि हिवाळ्यात साडेसहाला उठलेला कोणताही कारकून ब्राह्ममुहूर्त साधेल. प्रशिक्षण केंद्रे या पेचात न पडता बाराही महिने सकाळी सातची वेळ ठेवतात. डिसेंबरात त्यामुळे सूर्यनमस्कार दिवे लावून घातले जातात, खिडकीबाहेर पूर्ण काळोख असतो, आणि पूर्व कोणती हे ओळखण्यासाठी कोणीतरी फोनमधील होकायंत्र पाहते.

सूर्यनमस्काराचा लंडनशी संबंध आजचा नाही. औंध संस्थानचे अधिपती भवानराव श्रीनिवासराव पंतप्रतिनिधी यांनी आपल्या संस्थानातील शाळांत सूर्यनमस्कार सक्तीचे केले, त्यावर पुस्तके लिहिली, आणि लुईस मॉर्गन या पत्रकार बाईंनी संपादित केलेले त्यांचे इंग्रजी पुस्तक १९३८ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झाले. पुढे त्यांचे चिरंजीव अप्पा पंत १९६९ ते १९७२ या काळात लंडनमध्ये भारताचे उच्चायुक्त होते आणि त्याच सुमारास त्यांनीही सूर्यनमस्कारांवर इंग्रजीत पुस्तक काढले. येथे एक गोष्ट लक्षात घ्यावी लागते: पंतप्रतिनिधींच्या काळात सूर्यनमस्कार हा दंड-बैठकांच्या पंक्तीत बसणारा स्वतंत्र व्यायाम समजला जाई, आणि आसन-प्राणायामाच्या शिक्षणात तो मिसळलेलाच असे असे नाही. आज लंडनमधील बहुतेक दोनशे तासांच्या अभ्यासक्रमांचा सकाळचा तास त्याच्यावरच उभा असतो, आणि पहिल्या आठवड्यात ज्यांची मनगटे दुखतात त्यांना हे दुखणे औंधच्या तालमीचे आहे याची कल्पना नसते. शाळेच्या मैदानावर शिट्टीच्या तालावर नमस्कार घातलेल्या मराठी प्रशिक्षणार्थीला मात्र श्वास कुठे घ्यायचा हे येथे नव्याने शिकावे लागते, कारण शाळेत फक्त आकडे मोजलेले असतात.

दुसरा सांधा अधिक खोल आहे आणि तो प्रमाणपत्राचा आहे. बेळ्ळूर कृष्णमाचार सुंदरराज अय्यंगार १९३७ साली, वयाच्या अठराव्या वर्षी, गुरू कृष्णमाचार्य यांच्या सांगण्यावरून पुण्यात शिकवण्यासाठी आले आणि पुणेकरच झाले. व्हायोलिनवादक यहुदी मेन्युहिन यांची व त्यांची भेट १९५२ मध्ये मुंबईत झाली आणि मेन्युहिन यांच्या निमंत्रणावरून ते १९५४ मध्ये युरोपात गेले. त्यांचे ‘लाइट ऑन योगा’ हे पुस्तक १९६६ साली लंडनमध्येच प्रकाशित झाले. सुमारे सहाशे छायाचित्रे असलेल्या या ग्रंथाच्या परिशिष्टात आसनांचा जो क्रम लावून दिला आहे तो तीनशे आठवड्यांचा आहे, म्हणजे पावणेसहा वर्षांचा, आणि तोही शिक्षकासाठी नव्हे, घरी साधना करणाऱ्यासाठी. दोनशे तास आणि तीनशे आठवडे हे दोन आकडे शेजारी ठेवले की सघन प्रशिक्षणात काय आटवलेले आहे याचा अंदाज येतो.

या तीनशे आठवड्यांच्या विद्येला परीक्षा, श्रेणी आणि प्रमाणपत्र यांची जोड मिळाली ती लंडनच्या प्रौढशिक्षणामुळे. मध्य लंडनच्या शाळा आणि रात्रवर्ग चालवणारी ‘इनर लंडन एज्युकेशन अथॉरिटी’ ही सार्वजनिक यंत्रणा १९६५ ते १९९० या काळात अस्तित्वात होती. शिवणकाम, फ्रेंच, कुंभारकाम यांचे वर्ग जिथे भरत तिथेच लोक योगाचे वर्ग मागू लागले, तेव्हा या यंत्रणेने १९६९-७० च्या सुमारास अय्यंगार पद्धतीला मान्यता दिली, पण दोन गोष्टींसह: वर्गात आसने व प्राणायाम शिकवावेत, तत्त्वज्ञान शिकवू नये, आणि करदात्यांच्या पैशातून पगार घेणाऱ्या शिक्षकाची पात्रता कोणीतरी तपासलेली असावी. पुण्यात शिष्य गुरूच्या वर्गात वर्षानुवर्षे उभा राहत असे आणि गुरूने एके दिवशी ‘आता तू शिकव’ म्हटले की शिकवू लागे. लंडनच्या हिशेब तपासनिसाला एवढे पुरणार नव्हते. पद्धतशीर शिक्षक-प्रशिक्षण आणि तपासणी यांची गरज अशा रीतीने येथे उत्पन्न झाली, आणि ती भागवण्याचे काम अय्यंगारांनी व त्यांच्या ब्रिटनमधील शिष्यांनी केले. याला योगाचा ऱ्हास म्हणणारे पुष्कळ आहेत. परंतु ज्या शहरात शिकवणाऱ्याच्या गुरूला कोणी ओळखत नाही, तिथे अनोळखी माणसाच्या मानेला हात लावणाऱ्याकडे काही कागद असावा, ही मागणी गैर म्हणता येत नाही. तत्त्वज्ञानावरची बंदी तेवढी काळाच्या ओघात उलटली आहे, कारण आजच्या दोनशे तासांत पतंजलीची योगसूत्रे हमखास असतात, बहुधा दुपारच्या जेवणानंतर, जेव्हा निम्मा वर्ग डुलक्या घेत असतो.

दिवसाचा सर्वांत मोठा भाग मात्र ना आसनात जातो ना सूत्रांत. तो शिकवण्याच्या सरावात जातो, आणि येथे हे सारे वातावरण महाराष्ट्रातील डी.एड. कॉलेजसारखे दिसू लागते. प्रत्येक प्रशिक्षणार्थी पाठटाचण काढतो: त्रिकोणासन, वेळ सात मिनिटे, पूर्वतयारी, सूचनांचा क्रम, कोणाला मनाई, साहित्य काय. मग तिघा-चौघांच्या गटात सराव पाठ होतो, एकजण शिकवतो, एकजण आसन करतो, उरलेले निरीक्षणे टिपतात. ‘पाय पसरा’ एवढ्याने भागत नाही. कोणता पाय, किती अंतर, पाऊल कुठे वळवायचे, वजन टाचेच्या कोणत्या कडेवर घ्यायचे, हे सर्व एका दमात आणि समोरच्याच्या उजव्या-डाव्याची उलटापालट मनात ठेवून सांगायचे असते, कारण शिक्षक वर्गाकडे तोंड करून उभा असतो आणि त्याचा डावा हात विद्यार्थ्यांना उजवा दिसतो. चूक झाली की समोरचा माणूस भलत्याच बाजूला वाकतो आणि हसू आवरत तसाच थांबतो. पवनीच्या एखाद्या शाळेत अपूर्णांक शिकवताना घामाघूम झालेला छात्राध्यापक आणि लंडनमधील भाड्याच्या चर्च-सभागृहात वीरभद्रासन शिकवणारी बँकेतील नोकरदार बाई यांची अडचण एकच असते: स्वतःला येणारी गोष्ट दुसऱ्याला क्रमाने सांगता येत नाही. मराठी प्रशिक्षणार्थीची आणखी एक पंचाईत होते, ती अशी की आज्ञार्थी बोलण्यात त्याला एकतर घरच्यासारखा दरारा येतो किंवा परक्या भाषेतील सौजन्यामुळे प्रत्येक सूचनेला विनंतीचे शेपूट लागते.

शुद्धिक्रियांच्या बाबतीत शहर आणि आश्रम यांतील फरक स्पष्ट होतो. लोणावळ्याचे कैवल्यधाम, जे जगन्नाथ गणेश गुणे ऊर्फ स्वामी कुवलयानंद यांनी १९२४ साली स्थापन केले आणि जिथे त्याच वर्षापासून ‘योगमीमांसा’ या नियतकालिकातून आसन-प्राणायामाचे प्रयोगशाळेत तपासलेले परिणाम प्रसिद्ध होऊ लागले, तेथील परंपरेत नेती, धौती यांसारख्या क्रियांना अभ्यासक्रमात स्थान आहे. नेती म्हणजे मिठाचे कोमट पाणी तोटीच्या भांड्याने एका नाकपुडीतून घालून दुसरीतून काढणे. ही क्रिया लंडनमध्येही शिकवतात, मात्र पाणी आधी उकळून घेण्याची सक्त ताकीद देऊन. वमनधौती, म्हणजे पोटभर मिठाचे पाणी पिऊन ते उलटून टाकणे, निवासी केंद्राच्या अंगणात शक्य असते; भाड्याच्या सभागृहातील दोन शौचकूपांसमोर वीस जणांनी ती करणे व्यवहारात बसत नाही, आणि तिथे तिची केवळ आकृती दाखवली जाते. गुडघ्यांचीही अशीच कथा आहे. खुर्चीवर वाढलेल्या माणसाला व्याख्यानाचे दोन तास जमिनीवर मांडी घालून बसणे हेच दिवसातील सर्वांत कठीण आसन ठरते, आणि लंडनमध्ये जन्मलेली मराठी मुले त्याला अपवाद नाहीत.

लंडनमधील काही शिक्षक प्रमाणपत्रानंतर पुढील शिक्षणासाठी पुण्याकडे वळतात. शिवाजीनगरच्या मॉडेल कॉलनीत १९७५ साली उघडलेल्या रमामणी अय्यंगार स्मृति योग संस्थेत परदेशी विद्यार्थ्याला अनेक वर्षांच्या सरावाशिवाय प्रवेश मिळत नसे आणि मिळाला तरी बराच काळ वाट पाहावी लागे. तेथे महिनाभर राहणाऱ्याचा दिनक्रम दोनशे तासांच्या महिन्याहून पुष्कळ मोकळा असतो: वर्ग, स्वतःचा सराव, भिंतीवरील दोर आणि लाकडी घोडा यांच्याशी झटापट, ग्रंथालय. उरलेला वेळ मात्र परके शहर घेते. घरमालकाला परदेशी भाडेकरूची नोंद पोलिसांकडे करावी लागते, त्यासाठी पारपत्राच्या प्रती काढाव्या लागतात, दुधाची पिशवी दारात किती वाजता येते ते ठरवावे लागते, आणि रात्री नऊनंतर पाहुणे आणू नयेत ही अट ऐकून घ्यावी लागते. भंडाऱ्याहून शिकायला पुण्यात आलेल्या मुलाला व्हिसा लागत नाही, एवढाच काय तो फरक. घरमालकाचे प्रश्न दोघांनाही तेच असतात.

लंडनमध्ये प्रमाणपत्र हाती आल्यानंतरचे काम कारकुनी स्वरूपाचे आहे. नव्या शिक्षकाला प्रथम दायित्व विमा घ्यावा लागतो, म्हणजे वर्गात कोणाला दुखापत झाल्यास भरपाईची सोय करावी लागते. मग प्रत्येक विद्यार्थ्याकडून पाठदुखी, रक्तदाब, गरोदरपण यांची माहिती विचारणारा अर्ज भरून घ्यावा लागतो, आणि सभागृहाचे भाडे तासावर द्यावे लागते. हे भाडे विद्यार्थी आले तरी आणि न आले तरी चुकत नाही, म्हणून बहुतेक नवे शिक्षक आपली नोकरी न सोडता आठवड्यातून एकच संध्याकाळ शिकवतात, आणि वर्ग किमान सहा जणांचा झाला तरच पुढच्या महिन्याचे सभागृह राखून ठेवतात.