गॉर्डन्सव्हिलची कोंबडी

शिळ्या कढीला ऊत आणू नये, असे आपल्याकडे म्हणतात. पण तसे म्हणणारी मंडळीच दुसऱ्या दिवशी सकाळी फोडणीचा भात दोनदा मागून घेतात! शिळ्याचे ताजे करणे ही आपल्या घराघरांतली जुनी कला आहे. त्या कलेतला एक धडा मी सातासमुद्रांपलीकडे, अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यात घेतला. त्याबरोबर आणखी एक धडा मिळाला, तो मात्र मी मागितला नव्हता. त्या दोन्हींची ही हकीकत.

आमची कन्या आणि जावई शार्लट्सव्हिल या गावी असतात. गाव टुमदार आहे. जेफर्सनने १८१९ साली स्थापन केलेले विद्यापीठ आणि पश्चिमेला निळसर डोंगरांची रांग, अशी त्याची शोभा. आठवड्यात पाहण्यासारखे सगळे पाहून झाले, तेव्हा कन्या म्हणाली, "बाबा, तुम्हांला स्टेशनांची हौस ना? उद्या गॉर्डन्सव्हिलला जाऊ. ते इकडचं कर्जत आहे."

कर्जत म्हटल्यावर मी कसला थांबतो! घाट चढण्यासाठी गाडीला मागून इंजिने लागेपर्यंत बटाटेवड्यांच्या मागे धावण्यात आमचे बालपण गेले. मोटारीने अर्ध्यापाऊण तासात आम्ही गॉर्डन्सव्हिलला पोहोचलो. एक मुख्य रस्ता, दोन्ही बाजूंना विटांच्या जुन्या इमारती आणि टोकाला रुळांना लागून उभे असलेले तीन मजली 'एक्स्चेंज हॉटेल'. रुंद व्हरांड्यांची ही इमारत १८६० साली बांधली. पुढच्याच वर्षी अमेरिकेत यादवी युद्ध पेटले आणि हॉटेलचे इस्पितळ झाले. आता तेथे संग्रहालय आहे. शस्त्रक्रियेची हत्यारे पाहून आमच्या सौभाग्यवतींनी डोळे मिटून घेतले, पण मला हवी होती ती हकीकत पुढे मिळाली.

युद्ध १८६५ साली संपले, गुलामगिरी गेली. पण मोकळ्या झालेल्या माणसांनी खायचे काय? गॉर्डन्सव्हिलला दोन लोहमार्ग मिळत होते आणि गाड्यांना भोजनाचे डबे नव्हते. गावातल्या काळ्या बायांनी हे हेरले. घरी कोंबडी तळायची, बिस्किटे भाजायची, कॉफी करायची, सगळे मोठ्या परातीत रचून परात डोक्यावर घ्यायची आणि गाडी आली की खिडक्यांशी जाऊन उभे राहायचे. या बायांना 'वेटर-कॅरिअर' म्हणत. त्या मिळकतीवर कुणी मुले वाढवली, कुणी स्वतःचे घर उभे केले. पुढे गाड्यांना भोजनाचे डबे लागले, नियम कडक झाले आणि खिडकीतला तो व्यापार हळूहळू बंद पडला. आता तर प्रवासी गाडी तेथे थांबतही नाही. मी व्हरांड्यात बराच वेळ उभा राहिलो. एक लांबलचक मालगाडी धडधडत निघून गेली, तेवढेच.

परतताना वाटेत आम्ही तळलेल्या कोंबडीचा एक भला मोठा डबा घेतला. अमेरिकेत 'मोठा' म्हणजे खरोखरच मोठा. चौघांनी पोटभर खाऊनही आठ तुकडे उरले.

दुसऱ्या दिवशी दुपारी मुले कामावर गेलेली. शेजारच्या आजीबाई चहाला येणार होत्या. ऐंशीच्या घरातल्या, काळ्या वर्णाच्या, बोलायला मोकळ्या. मी म्हटले, यांना गॉर्डन्सव्हिलचा प्रसाद देऊ. दोन तुकडे मायक्रोवेव्हमध्ये ठेवले नि बटन दाबले. दीड मिनिटाने बाहेर आले ते पाहण्यासारखे होते! काल जे कवच दाताखाली कुरकुरत होते, ते भिजलेल्या पुठ्ठ्यासारखे लोंबत होते. आमच्या सौभाग्यवती म्हणाल्या, "अहो, पावसात भिजलेला वडा तरी बरा दिसतो!"

एवढ्यात आजीबाई आल्या. त्यांनी बशीकडे पाहिले, मग माझ्याकडे पाहिले आणि काही न बोलता ओव्हनची कळ फिरवली.

"तळताना कवचातलं पाणी उडून जातं, म्हणून ते कुरकुरीत होतं," त्या सांगू लागल्या. "रात्रभरात आतल्या मांसातलं पाणी हळूहळू कवचात येऊन बसतं. तुमचं हे यंत्र तेच पाणी तापवतं. आतून वाफ निघते, कवचात शिरते, आणि यंत्रातली हवा थंडच राहते, मग ते वाळणार कसं? याला कोरडी आच पाहिजे, चहूकडून."

मग त्यांनी उरलेले सहा तुकडे बाहेर काढले आणि गारठा जाण्यासाठी वीसेक मिनिटे ओट्यावर ठेवले. ओव्हन तोवर २०० अंश सेल्सिअसपर्यंत तापला. तुकडे थाळीत न ठेवता थाळीवरच्या तारेच्या जाळीवर मांडले, एकाचा एकाला धक्का न लागेल असे. जाळी अशासाठी की खालूनही गरम हवा फिरावी आणि वाफ तळाशी साचू नये. झाकण नाही, कागद नाही. पंधरा ते वीस मिनिटे, लहान तुकडे जरा आधी काढायचे. आतला भाग ७४ अंशांपर्यंत तापला की खाण्यास निर्धास्त. "आणि एक लक्षात ठेवा," त्या म्हणाल्या, "पहिल्या दिवशी गरम गरम डबा घट्ट बंद करू नका. वाफ जाऊ द्या, पण दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये ठेवा."

तुकडे ओव्हनमध्ये गेले. वीस मिनिटे गप्पांना मोकळी.

"मला खरं म्हणजे थंडच आवडते," आजीबाई हसून म्हणाल्या. "लहानपणी उन्हाळ्यात आम्ही मोटारीने दक्षिणेला आजोळी जायचो. आई आदल्या रात्री कोंबडी तळायची, मेणकागदात गुंडाळून बुटांच्या रिकाम्या खोक्यात भरायची. बरोबर उकडलेली अंडी, केक. रस्त्याच्या कडेला झाडाखाली बसून खायचं. आई म्हणायची, ही आपली सहल. मोठी झाल्यावर कळलं की सहल नव्हती ती. वाटेवरच्या कुठल्याच खाणावळीत आम्हांला बसू देत नसत. आईनं आम्हांला ते कळू दिलं नाही."

हा भेदभाव कायद्याने बंद व्हायला १९६४ साल उजाडावे लागले. त्याआधी काळ्या प्रवाशांना कोठे जेवण आणि कोठे मुक्काम मिळेल, हे सांगणारी एक वेगळी मार्गदर्शिका १९३६ पासून निघत असे. न्यूयॉर्कमधल्या व्हिक्टर ह्यूगो ग्रीन नावाच्या पोस्टमनने ती सुरू केली होती.

"तुमच्याकडेही प्रवासात डबा नेत असतील ना?" त्यांनी विचारले.

"तर!" मी उत्साहाने म्हणालो. "आमची आजी पंढरपूरला निघाली की दशम्या करायची. दुधात भिजवलेल्या. फिरकीच्या तांब्यात घरचं पाणी. स्टेशनावरचा घोटसुद्धा घ्यायची नाही."

"का? तिलाही देत नसत?"

मी अडखळलो. खोटे सांगणे सोपे होते. 'बाहेरचं मानवायचं नाही' एवढे म्हटले असते तरी भागले असते. पण समोरच्या बाईने आपल्या आईचे खोके माझ्यापुढे उघडून ठेवले होते.

"नाही," मी म्हणालो, "तिला सगळे देत होते. तिला दुसऱ्याच्या हातचं चालत नव्हतं."

मग मी उरलेलेही सांगितले. कुर्डुवाडीला गाडी बदलताना फलाटावर एका बाईचे लहान पोर आजीच्या दशमीकडे टक लावून बघत होते. आजी प्रेमळ होती. तिने त्याला दशमी दिली, पण वरून टाकून, हाताला हात न लागू देता. मी शेजारीच बसून माझी दशमी खात होतो. १९०१ साली साताऱ्याहून गाडीने मसूर स्टेशनावर उतरलेल्या आणि वडिलांकडे निघालेल्या लहान भीमराव आंबेडकरांचीही गोष्ट सांगितली. डबा भरलेला होता, पण पाणी द्यायला कुणी तयार नव्हते, म्हणून मुलांना उपाशीच झोपावे लागले.

आजीबाई खिडकीबाहेर पाहत राहिल्या. "म्हणजे आपण दोघांनी डबा नेला," त्या सावकाश म्हणाल्या, "पण तुम्ही दाराच्या आतल्या बाजूला होतात."

त्याला मजजवळ उत्तर नव्हते. तेवढ्यात ओव्हनची घंटी वाजली. त्यांनी जाळी बाहेर काढली. मी हात पुढे केला, तर म्हणाल्या, "पाच मिनिटं दम धरा. कवच बसू द्या." मग त्यांनी सगळ्यांत चांगला तुकडा उचलून माझ्या हातात दिला. कवच पुन्हा काल होते तसे कुरकुरले.

आता दादरला आमच्याकडे ओव्हन नाही. कर्जतचे वडे कुणी आणले की जाड बुडाच्या तव्यावर, मंद आचेवर, झाकण न ठेवता, कडा फिरवीत गरम करतो. ज्यांच्याकडे एअर फ्रायर आला आहे त्यांचे काम पाचसात मिनिटांत होते. वाफेला वाट द्यायची, की कवच आपोआप सुधारते.

वडे झाले की आमच्याकडे काम करणाऱ्या बाई, सौभाग्यवती आणि मी एकाच टेबलाशी बसून खातो. पूर्वी त्यांची बशी वेगळी असे. आम्ही त्याला सवय म्हणत होतो.