क्रेमोनाहून, फुगवट्याबद्दल

क्रेमोना, ५ ऑक्टोबर

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

तूरिनचं काम एकदाचं आटोपलं. गाडीच्या दारावरून जाणारी एक रेघ मागच्या चाकापाशी किती उचलायची, यावर सात-आठ शहाणी माणसं दिवसचे दिवस वाद घालतात. तुम्ही हसाल, पण माझा पगार त्याचाच आहे. रजा जोडून काल इथे आले. मिलानहून आगगाडीने तासाभराचा रस्ता, पो नदीचं सपाट खोरं, दुतर्फा मका. गाव आपल्या मिरजेहून लहान. ११२ मीटरचा एक मनोरा प्रत्येक गल्लीच्या टोकाला डोकावतो, आणि त्या गल्ल्यांत शंभरावर व्हायोलिन कारागीर आहेत. खिडक्यांत रोगण न लावलेली पांढुरकी व्हायोलिनं तारेला टांगलेली दिसतात.

संग्रहालयात स्त्रादिवारीचं १७१५ चं ‘इल क्रेमोनेझे’ काचेच्या पेटीत आहे. मी कामाच्या सवयीने त्याच्यावरचं दिव्याचं प्रतिबिंब बघत पेटीभोवती फिरले. गाडीच्या पत्र्यावर आम्ही हेच करतो: प्रकाशाची रेघ कुठे तुटते, कुठे लचकते ते बघायचं. इथे ती मध्यावर रुंद होते, कडेकडे जाताना बारीक होते आणि कडेच्या आतल्या खळगीत शिरून उलटी वळते. कुठेही तुटत नाही, पण डावी-उजवी बाजू एकसारखीही नाही. आमच्या ऑफिसात हा पत्रा पास झाला नसता.

खरी अडकले ती शेजारच्या दालनात. तिथे स्त्रादिवारीचे लाकडी साचे आहेत, त्यांवर ‘जी’, ‘पीजी’ अशी अक्षरं. आणखी कागदी नमुने आणि हत्यारं. काउंट कोझिओ नावाच्या एका हौशी सरदाराने हे सारं स्त्रादिवारीच्या मुलाकडून विकत घेतलं म्हणून टिकलं. साचा असतो आतल्या पोकळीएवढा. त्याच्याभोवती मेपलच्या मिलिमीटरभर जाडीच्या पट्ट्या गरम करून वाकवायच्या आणि मग त्या पट्ट्यांच्या बाहेर दोन-अडीच मिलिमीटर सोडून फळीवर रेघ ओढायची. म्हणजे व्हायोलिनची कड कागदावरून उतरत नाही, वाकलेल्या पट्टीवरून उतरते. पट्टी जिथे हट्टाला पेटली तिथे कडही तशीच. दोन्ही बाजू का जुळत नाहीत, त्याचं निम्मं उत्तर तिथेच मिळालं.

प्रकृतीला जपा. इथली थंडी अजून सोसण्यासारखी आहे.

तुमची,
ताई


क्रेमोना, ८ ऑक्टोबर

प्रिय छोट्या,

“एवढा खटाटोप कशाला, स्कॅन करून थेट व्हीएमसी मशीनवर टाका की,” हा तुझा मेसेज वाचला. कुपवाडच्या एमआयडीसीत बसून तू तेच म्हणणार. तर ऐक, तेही झालंय. अमेरिकेत स्टीव्हन सिर नावाच्या रेडिओलॉजिस्टने दोन कारागिरांना बरोबर घेऊन १७०४ चं ‘बेट्स’ व्हायोलिन सीटी स्कॅनमध्ये घातलं आणि सीएनसीच्या मदतीने त्याची प्रतिकृती केली. २०११ साली त्याचा बराच गाजावाजा झाला. सीटीमुळे आतली जाडीही कळते, किडीची भोकंही दिसतात. कामाची गोष्ट आहे, मी नाकारत नाही.

पण स्कॅनमध्ये आजचं व्हायोलिन येतं, कारागिराच्या हातून उतरलेलं येत नाही. चार तारांचा मिळून वीस-पंचवीस किलोचा ताण. त्यातला काही भाग घोडीतून खाली वरच्या फळीवर येतो. आत उभी केलेली काडी एका बाजूला फळी उचलून धरते, बाकीची फळी हळूहळू बसते. त्यात मधल्या तीनशे वर्षांत कुणी मान बदलली, कुणी आतून ठिगळ लावलं. लाखो बिंदूंच्या मेशमध्ये हे सगळं इमानदारीने उतरतं, आणि त्यातलं मूळ कुठलं नि म्हातारपण कुठलं हे एकही बिंदू सांगत नाही.

आता तुझ्या जिव्हाळ्याचा प्रश्न: राइनो सॉफ्टवेअरात व्हायोलिनच्या फळीचा फुगवटा बसत का नाही? राइनो ज्या नर्ब्सने आकार घडवतं, त्याचा कुठलाही सरफेस मुळात चार कडांचा असतो. चौकोनी रुमाल भोपळ्यावर ताणून बसव, चुण्या कुठेतरी पडणारच. व्हायोलिनची कड तर कमरेत आत जाते आणि चार टोकदार कोपरे बाहेर काढते. नवशिका काय करतो? वीस आडवे छेद काढतो, लॉफ्ट मारून ते जोडतो. छेदागणिक कंट्रोल पॉइंट वाढतात आणि दोन छेदांच्या मध्ये लाट उठते. प्रतिबिंब तपासायचा झेब्रा लावला की काळे-पांढरे पट्टे नागमोडी पळतात. ते सरळ करायला तो आणखी छेद घालतो. लाटा आणखी वाढतात!

इथल्या एका कारागिराकडे मी संध्याकाळी जाऊन बसते. त्याच्याकडे खिडकीतून तिरपा उजेड येतो. फळी त्यात फिरवत तो सावली वाचतो. झेब्रा म्हणजे याचंच यंत्रातलं रूप. त्याचा क्रम बघ. आधी कड. मग पोटाच्या मध्यातून जाणारी लांब कमान: वरच्या फळीत ती पंधरा-सोळा मिलिमीटर उठते आणि मध्यभागी बऱ्यापैकी सपाट राहते, पाठीच्या फळीत जास्त गोल. मग गोल तोंडाच्या पटाशीने कडेलगतची खळगी, जिथे काळी-पांढरी-काळी बारीक पट्टी बसवतात. एवढं झालं की मधला भाग तो अंगठ्याएवढ्या रंध्याने नि खरवडणीने एकमेकांत मिसळत नेतो. आडव्या छेदांचे नमुने त्याच्याकडे आहेत, पाचच. तेही तपासायला, आकार ठरवायला नव्हे.

मी राइनोत हाच क्रम धरला. लांब कमान एक, खळगीचा तळ दाखवणारी रेघ एक, आडवे छेद पाच, त्यांत शक्य तितके कमी पॉइंट. सरफेस कडेच्या बाहेर मुद्दाम ओसंडू दिला आणि बाह्याकृतीने शेवटी ट्रिम केला. खळगी वेगळा पट्टा म्हणून केली आणि नुसती टँजंट न ठेवता कर्व्हेचरही जुळवून घेतलं. पट्टे शांत झाले. पूर्वी जहाज बांधणारे पातळ लाकडी पट्टी वजनांखाली दाबून नौकेची रेघ काढत. आपला स्प्लाइन तिथूनच आला, आणि पट्टीवर वजनं जास्त ठेवली की रेघ बिघडते हे त्यांनाही ठाऊक होतं.

आडवे छेद कुठल्या वक्राचे, यावर इथे चांगली भांडणं होतात. सपाट जमिनीवरून चाक गडगडतंय, चाकावर परिघाच्या थोडं आत एक बिंदू आहे. त्याचा मार्ग म्हणजे आखूड सायक्लॉइड. मध्यावर बहिर्गोल, दोन्ही कडांना आपोआप अंतर्गोल. गंमत अशी की रुंदी नि उंची या दोनच आकड्यांनी तो पुरा ठरतो, आणि ते दोन्ही खळगी नि लांब कमान देऊन टाकतात. जुन्या क्रेमोनीज वाद्यांशी तो बऱ्याच जागी जुळतो, असं काही अभ्यासक म्हणतात. सतराव्या शतकात गॅलिलिओ, पास्काल यांना सायक्लॉइडचं वेड होतं हे खरं. पण स्त्रादिवारी गणित मांडून बसला असेल हे मला पटत नाही. पात्याखाली लाकूड तसंच उरत असावं.

हे बाबांना वाचून दाखवू नकोस, कंटाळतील. सायक्लॉइड तेवढा काढून बघ, एक्सेलमध्येही निघतो.

ताई


प्रेदात्सो, १२ ऑक्टोबर

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

आज डोंगरात आले आहे. इथून जवळच पानेवेज्जोचं जंगल. वरच्या फळीचं स्प्रूस पिढ्यान्‌पिढ्या इथून जातं. २०१८ च्या ऑक्टोबरात वाया नावाच्या वादळाने इथली झाडं उभीच्या उभी आडवी केली; डोंगराचे काही उतार अजून बोडके आहेत. लाकूड करवतीने चिरण्याऐवजी उभं फाडतात, म्हणजे तंतू तुटत नाहीत. तंतूंच्या दिशेने ते आडव्या दिशेपेक्षा दहापटीहून अधिक ताठ असतं. माझ्या सॉफ्टवेअरला यातलं काही ठाऊक नाही; त्याच्या लेखी फळी म्हणजे नुसता आकार. म्हणून यंत्रावर कोरणारेही शेवटचा मिलिमीटरभर थर ठेवतात आणि फळी वाजवून बघत हाताने काढतात. मला हे योग्य वाटतं. यंत्राला घाम गाळू द्यावा, कान माणसाने द्यावा.

तुमचं पत्र काल छोट्याने पाठवलं. तंबोऱ्याच्या घोडीचा आकार संगणकावर निघेल का, असं तुम्ही विचारलंत. व्हायोलिनपेक्षा ते अवघड आहे. व्हायोलिनच्या घोडीला माथ्याची पातळ कड असते, तार तिथे टेकते आणि सुटते. आपल्या घोडीचा माथा रुंद, किंचित उतरता, आणि थरथरणारी तार त्याला सारखी लागत-सुटत राहते; जवारी म्हणतात ती हीच. सी. व्ही. रामन यांनी १९२१ मध्येच यावर लिहिलं होतं. सगळी करामत मिलिमीटरच्या छोट्याशा भागात आहे, आणि तारेखालचा दोरा, म्हणजे जीवा, कुठे सरकवला त्यावर पुन्हा बदलते. फुगवटा डोळ्याने तपासता येतो, इथे झेब्रा काही कामाचा नाही.

तरी मोजून बघायचं आहे. सतारमेकर गल्लीत तुमचा तंबोरा या महिन्यात जवारी काढायला जाणार ना? मग कानस लागण्याआधी घोडी दोन दिवस छोट्याकडे ठेवून घ्या. त्याच्या कारखान्यात सीएमएम, म्हणजे आकार मोजायचं यंत्र, आहे, माथ्यावरून तारेच्या दिशेने चार रेघा मोजून घेईल. जवारी काढून झाल्यावर त्याच चार रेघा पुन्हा. दोन्ही वेळेला षड्‌जाची तार मोबाइलवर रेकॉर्ड करा, जीवा लावून आणि काढून. कारागिरांना आधी नीट सांगा, नाहीतर म्हणतील पोरीचा विश्वास नाही.

तुमची,
ताई