ढवळ्याचे दुखणे

मूर्तिजापुराहून कारंज्याकडे जाणाऱ्या अरुंद लोहमार्गापासून थोड्या अंतरावर आमचे गाव आहे. त्या मार्गावर धावणारी छोटी गाडी, जिला लोक ‘शकुंतला’ म्हणत, आता बंद पडली आहे. परंतु मी सांगतो ती हकीकत १९७८ सालची. तेव्हा वाफेचे इंजिन धूर ओकीत आमच्या शेतावरून जाई आणि त्याची शिट्टी ऐकून आमचे दोन्ही बैल माना वर करीत.

ढवळ्या आणि पवळ्या अशी त्यांची नावे. जोडीत ढवळ्या शांत. त्याच्या पोटाखालून आम्ही मुले खुशाल इकडून तिकडे जात असू. आमच्या घरी एक वृद्ध सालदार होते. आजोबांच्या वेळेपासून ते आमच्याकडे राबत. म्हणून बाबादेखील त्यांना अहो-जाहो करीत आणि आम्ही मुले त्यांना ‘काका’ म्हणत असू. बैलांना वैरण घातल्याशिवाय काकांनी स्वतः भाकर खाल्ल्याचे मला आठवत नाही.

मृग नक्षत्र लागून तीन-चार दिवस झाले होते. वखरणी आटोपली होती, तिफणी दुरुस्त झाल्या होत्या, सरकीची पोती ओसरीवर येऊन पडली होती. उणीव होती ती एका चांगल्या पावसाची. अशा वेळी एके सकाळी ढवळ्याने गव्हाणीतल्या कुटाराला तोंड लावले, घास तोंडातल्या तोंडात घोळवला आणि तसाच खाली टाकला. काकांनी त्याला हौदावर नेले. तो मोठ्या आशेने पाण्यात तोंड बुडवी, घोट ओढी, आणि ते पाणी नाकपुड्यांवाटे परत येई. तोंडातून लाळेच्या तारा लोंबत होत्या. मी गुळाचा खडा पुढे केला. त्याने तो चाटला. पण तो त्याला गिळवला नाही.

“मालक, कोय अडकली असन,” काका म्हणाले. “काल आमराईत चरत होता. मी हात घालून पाहतो.”

आंब्याची कोय किंवा उसाचे कांडे गुरांच्या घशात अडकते, हे काही खोटे नाही. काकांनी पूर्वी एका गाईच्या घशातून अशीच कोय काढली होती. बाबांनी ढवळ्याची शिंगे धरली, एका हाताने जीभ बाजूला ओढली आणि काकांनी कोपरापर्यंत हात आत घातला. त्या आठवड्यात दोघेही कुंपणाला बाभळीच्या काट्या लावीत होते. दोघांच्या हातांवर ओरखडे होते. तिकडे कोणाचे लक्ष जाणार? काकांनी बराच वेळ चाचपले. हाताला काही लागले नाही.

मग गाव जमा झाले. कोणी घटसर्प म्हणाले, कोणी लाळ्या. कोणी सांगितले की बांबूच्या नळीने गोडे तेल पाजा, म्हणजे कोय सरकेल. दुसऱ्याच्या बैलाला औषध सांगताना माणसाला फार विचार करावा लागत नाही! सुदैवाने बाबांनी कोणाचे ऐकले नाही. त्यांनी सायकल काढली आणि मूर्तिजापूर गाठले. गाडगेबाबांनी जेथे गोरक्षण उभे केले, त्या गावी गुरांची कळकळ असणारी माणसे होती. दुपारी जनावरांचे डॉक्टर आमच्या गोठ्यात आले.

ते लगेच बैलाजवळ गेले नाहीत. प्रथम दूर उभे राहून त्यांनी बराच वेळ ढवळ्याकडे पाहिले. मग त्याच्या डाव्या कुशीकडे बोट दाखवून ते म्हणाले, “घशात काही घट्ट अडकले असते, तर पोटातल्या वायूला वर यायला वाट राहिली नसती. ही कूस आतापर्यंत ढोलासारखी फुगली असती. घटसर्पात अंग तापते, गळा सुजतो. येथे गळ्याला सूज दिसत नाही.” इतक्यात ढवळ्या हंबरला. तो त्याचा नेहमीचा आवाज नव्हता. घोगरा, फाटलेला, मध्येच तुटणारा होता. डॉक्टरांनी हातातली पिशवी खाली ठेवली.

“याला अलीकडे कुत्रा चावला होता काय?”

“नाही,” बाबा म्हणाले. “नाही जी,” काका म्हणाले.

मी खांबाआड उभा होतो. चैत्र संपता संपता, सुट्टीच्या दिवसांत, बैल राखायला मी नाल्याकाठी गेलो होतो. बैल सोडून मी मुलांबरोबर विटीदांडू खेळत बसलो. आरडाओरडा ऐकून पाहिले, तो एक अनोळखी कुत्रा ढवळ्याच्या मागच्या पायाला डसून पळत होता. जखम लहान होती. मी ती नाल्याच्या पाण्याने पुसली, वर माती दाबली आणि घरी काही बोललो नाही. बोललो असतो, तर बैल सोडून खेळत होतो हेही सांगावे लागले असते. चार दिवसांत खपली धरली आणि मी ते विसरून गेलो. खरे सांगायचे तर विसरलो नव्हतो. आपण होऊन ते आठवत नव्हतो, इतकेच.

डॉक्टर निघण्याच्या बेतात होते. माझ्या घशाशी आवंढा आला, तो गिळवेना. मी पुढे झालो आणि रडत रडत सगळे सांगितले.

बाबांचा हात उगारलेला मी पाहिला. परंतु डॉक्टर माझ्याकडे न पाहता बाबांनाच म्हणाले, “याच्या तोंडात हात कोणी घातला?” काकांनी आपला उजवा हात पुढे केला. त्यावरचे ओरखडे अजून लाल होते.

पिसाळलेला प्राणी पाण्याला भितो, असे आम्ही सर्वजण समजत होतो. ढवळ्या तर पाण्याकडे धाव घेत होता. त्या रोगात गुरांच्या घशाचे स्नायू लुळे पडतात, म्हणून घास उतरत नाही आणि पाहणाऱ्याला वाटते की काही अडकले आहे. विष असते लाळेत, आणि मायेने हात घालणाऱ्याच्याच ओरखड्यांतून ते आत शिरते. तेल पाजले असते, तर गिळता न आल्यामुळे तेही फुप्फुसात गेले असते. हे सर्व डॉक्टरांनी त्या दिवशी समजावून सांगितले. “मेंदू तपासल्यावाचून नक्की सांगता येत नाही,” ते म्हणाले, “पण तपासणीसाठी थांबू नका. आता हात साबणाने धुवा, पुष्कळ वेळ धुवा, आणि उद्याच सुया सुरू करा. रोगाने एकदा डोके वर काढले, की उपाय नाही.”

लुई पाश्चरने १८८५ साली नऊ वर्षांच्या जोसेफ माइस्टरला पहिल्याने ही लस टोचली, हे मी पुढे शाळेत वाचले. आमच्याकडे त्या काळी मेंढीच्या मेंदूपासून केलेली लस मिळे आणि ती पोटात टोचीत. आज ती लस इतिहासजमा झाली आहे. नवी लस दंडात घेता येते आणि तिच्या सुयाही थोड्या असतात. काका आणि बाबा मात्र चौदा दिवस मूर्तिजापूरच्या दवाखान्यात जात राहिले. परतल्यावर काका गोठ्याच्या भिंतीवर कोळशाने एक रेघ ओढीत. गूळ चारताना माझ्या हाताला जखम नव्हती, म्हणून मला सुया नव्हत्या. त्याचे मला सुख वाटले नाही.

ढवळ्या चौथ्या दिवशी गेला. त्याला दूर बांधले होते आणि कोणालाही जवळ जाण्याची मनाई होती. काका लांबूनच त्याला हाका मारीत. कातडे न काढता, खोल खड्ड्यात चुना टाकून त्याला पुरले. त्याच रात्री पाऊस आला. शेजाऱ्यांनी आपला एक बैल दिला आणि पवळ्याबरोबर तो तिफणीला जुंपला.

काकांनी मला कधी एक शब्दही विचारला नाही. बोलले असते, तर बरे झाले असते, असे मला त्या पावसाळ्यात अनेकदा वाटले. पोळ्याच्या आदल्या सायंकाळी बैलांचे खांदे मळतात. मी ओसरीवर पुस्तक घेऊन बसलो होतो. काका गोठ्यातून आले, तूप-हळदीची वाटी त्यांनी माझ्या हातात दिली आणि म्हणाले, “चाल बापू, पवळ्या वाट पाहून रायला.”