मोरपंखी आणि गुलबक्षी

आमच्या घराच्या पुढच्या दारी मोरपंखी आणि मागच्या दारी गुलबक्षी, ही वाटणी पहिल्यापासूनची. पुढची बाग अब्बांची, मागची अम्मीची. आम्ही भावंडं दोन्हीकडे पाणी घालायचो आणि दोन्हीकडची बोलणी खायचो. परवा आमच्या मामेभावाने नवीन घर बांधलं आणि आम्हाला विचारलं, "दारात काय लावू? बारा महिने हिरवं राहणारं काही, की फुलझाड?" उत्तर द्यायला बसलो तेव्हा लक्षात आलं की आमच्या घरात हा प्रश्न आता फक्त बागेचा राहिलेला नाही. म्हणून जरा सविस्तर लिहीत आहोत.

आमचं गाव मिरजेजवळ, काळ्या मातीचं. अब्बा जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होते. घर बांधलं त्याच्या आदल्या वर्षी ते आणि अम्मी आग्र्याला जाऊन आले होते. ताजमहालासमोर पाण्याच्या पाटाकडेने उभ्या असलेल्या सरूच्या रांगा अब्बांच्या मनात बसल्या. अम्मीच्या मनात मात्र आतल्या संगमरवरावर कोरलेली फुलझाडं बसली. घरी आल्यावर अब्बा नर्सरीत सरू मागायला गेले. माळीकाका म्हणाले, "गुरुजी, सरूचा हट्ट सोडा, मोरपंखी न्या. त्याच कुळातली आहे." अशी दोन रोपं फाटकाच्या दोन बाजूंना लागली.

इथे एक खुलासा करायला हवा. कोकणच्या किनाऱ्यावर ज्याला सुरू म्हणतात ते झाड वेगळं. ते दिसायला सूचिपर्णीसारखं असतं, पण ते फुलं येणाऱ्या झाडांपैकी आहे. मोरपंखी मात्र खरी सूचिपर्णी, मूळची चीन-कोरियाकडची. तिला पाकळ्यांचं फूल येत नाही. निळसर हिरवी, शिंगं फुटल्यासारखी छोटी बोंडं येतात आणि त्यात बी असतं. तिची चपटी डहाळी पुस्तकात ठेवली की विद्या येते, असं म्हणत शाळेतली पोरं आमच्या फाटकाशी घुटमळायची. अब्बा म्हणायचे, "विद्या अभ्यासाने येते रे." आणि स्वतःच एकेक डहाळी तोडून द्यायचे.

गुलबक्षी अम्मीने माहेरून आणली. ओढणीच्या टोकाला बांधून आणलेल्या, मिऱ्यासारख्या काळ्या सुरकुतलेल्या बिया तिने मोरीच्या सांडपाण्याजवळ टोचल्या. त्या उगवल्या आणि मग त्यांनी कधी कुणाची परवानगी मागितली नाही. ही फुलं दुपार कलल्यावर उमलतात आणि दुसऱ्या दिवशी ऊन तापलं की मिटतात. अम्मी म्हणायची, "घड्याळ बंद पडलं तरी चालेल, गुलबक्षी उमलली की असरची वेळ झाली." रात्री वास सुटायचा आणि मोठे पतंग फुलांवर यायचे. पुढे धाकटी बारावीला गेली तेव्हा तिने सांगितलं की लाल आणि पांढऱ्या गुलबक्षीच्या संकरातून गुलाबी फुलं येतात, हे त्यांच्या जीवशास्त्रात आहे. अम्मी म्हणाली, "हे तर मोरीवर रोज दिसतं."

आता दोघींची तुलना. मोरपंखी हळू वाढते, पण आकार राखते. तिला भरपूर ऊन लागतं, पाण्याचा निचरा लागतो. वरवरची छाटणी दरवर्षी केली तर ती छान भरते. पण हिरवा भाग संपून जिथे नुसती तपकिरी काटकी उरते तिथवर कापलं, तर त्या जागी सहसा पुन्हा फूट येत नाही. भोक पडतं ते पडतंच. गुलबक्षीचं उलट. कापा, तुडवा, उन्हाळ्यात पाणी तोडा, वरचं झाड पार वाळून जाईल. पण जमिनीखाली रताळ्यासारखा कंद असतो आणि पहिला पाऊस झाला की तिथूनच कोंब येतात. एक काळजी मात्र घ्यावी. तिच्या बिया आणि कंद विषारी आहेत, लहान मुलं तोंडात घालणार नाहीत हे पाहावं.

सगळ्यात मोठा फरक आम्हाला फार उशिरा कळला. गुलबक्षीला तहान लागली की ती दुपारीच मान टाकते. सगळ्या घराला दिसतं. पाणी घातलं की संध्याकाळी पुन्हा उभी. मोरपंखी मात्र काही दाखवत नाही.

आपाच्या लग्नाच्या वेळी दारात चिखल नको म्हणून आम्ही अंगणात सिमेंटचा कोबा केला. तो मोरपंखीच्या अगदी बुंध्यापर्यंत नेला. उतार आमच्याकडूनच चुकला. पागोळ्यांचं पाणी उजव्या झाडाच्या बुंध्याशी साचू लागलं. पावसाळाभर ते साचत राहिलं आणि झाड आपलं हिरवंगार. बकरी ईदला आलेले पाहुणे त्या झाडाशेजारी उभे राहून फोटो काढून गेले. पाऊस सरला, उन्हं कडक झाली आणि आठ-दहा दिवसांत झाड तांबूस पडलं. अब्बांनी घाईघाईने बादलीने पाणी घातलं. माळीकाकांना बोलावलं. त्यांनी नखाने खोडाची साल जराशी खरवडली. आत हिरवं दिसायला हवं होतं, तिथे वाळकं लाकूड होतं. ते म्हणाले, "गुरुजी, हे आज नाही वाळलं. मुळं पावसाळ्यातच कुजली. ही जात अशीच. जीव गेल्यावरही कितीतरी दिवस हिरवी दिसते."

अब्बा काही बोलले नाहीत. झाडाजवळ उभे राहिले आणि मग आत गेले. अम्मी दारात उभी होती. ती आमच्याकडे वळून म्हणाली, "ऐकलंत ना? उद्या ह्यांना डॉक्टरकडे न्या."

आम्ही हसलो. अब्बांना काय झालं होतं? साठी उलटली तरी सायकलवर फिरत होते. पाचही वेळा मशिदीत चालत जायचे. कधी डोकं दुखलं म्हणून ऐकलं नव्हतं. दुखणी अम्मीची. तिचे गुडघे, तिचं पित्त, तिची पाठ. ती कण्हायची आणि आम्ही तिला दवाखान्यात न्यायचो. अब्बांना आम्ही कधी विचारलंच नव्हतं. "तुमची तब्येत कशी आहे?" हा प्रश्न आमच्या घरात त्यांच्यासाठी नव्हताच.

अम्मीने हट्ट सोडला नाही. डॉक्टरांनी रक्तदाब मोजला. १९० आणि ११०. पुन्हा मोजला, तेवढाच. रक्त-लघवीच्या तपासण्या झाल्या. मूत्रपिंडांवर परिणाम झाला होता. डॉक्टरांनी आम्हाला समोर बसवून सांगितलं की रक्तदाब वर्षानुवर्षं वाढलेला असू शकतो आणि माणसाला काहीही जाणवत नाही. मूत्रपिंडांचं झालेलं नुकसान बहुतेक भरून येणार नाही, पण उरलेलं सांभाळता येईल. मग त्यांनी विचारलं, काही गोळ्या घेता का? तेव्हा कळलं की अब्बांचे गुडघेही दुखत होते. शाळेतून निवृत्त झाल्यापासून ते दुकानातून दुखण्याच्या गोळ्या आणून गुपचूप खात होते. त्याही मूत्रपिंडांना बाधतात.

परत येताना गाडीत आम्ही विचारलं, "अब्बा, सांगितलं का नाही?" ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, "तुमच्या मागे काय कमी व्याप आहेत?"

त्या रात्री आम्हाला झोप आली नाही. आपण त्यांच्या सब्राचं कौतुक केलं आणि त्या आड आपली बेपर्वाई लपवली, हे आम्हाला मान्य करावं लागलं. जो बोलतो त्याच्याकडे घर धावतं. जो बोलत नाही त्याला घर गृहीत धरतं.

दुसऱ्याच आठवड्यात आम्ही कोबा फोडला. डाव्या मोरपंखीभोवती दोन-दोन हात माती मोकळी केली, पाणी जायला चर काढला. ती जगली. एका बाजूला थोडी विरळ झाली आहे, ती जागा भरलेली नाही. अब्बांच्या ताटातलं लोणचं-पापड बंद झालं, मीठ कमी झालं, गोळ्या सुरू झाल्या. रक्तदाब मोजायचं यंत्र घरात आलं. तीन वर्षं झाली. अल्लाहच्या कृपेने तब्येत आहे तिथे टिकून आहे.

मेलेल्या झाडाच्या जागी अब्बांना जोडीसाठी दुसरी मोरपंखी हवी होती. आम्ही खड्डा करून ठेवला, पण रोप आणायचं राहून गेलं. पावसात त्या मातीत गुलबक्षी उगवली. मागच्या दारचं बी पुढे कसं आलं, कोण जाणे. अम्मी म्हणते तिला माहीत नाही. अब्बांनी तिच्याकडे एकदा पाहिलं आणि रोपाला काठी लावली.

मामेभावाला आम्ही कळवलं ते असं. जागा असेल तर दोन्ही लाव. फाटकापाशी मोरपंखी, पण बुंध्याशी सिमेंट नको आणि पाणी साचू देऊ नकोस. मोरीजवळ गुलबक्षी, तिचं ती बघेल. गुलबक्षी स्वतःच हाक मारते, तेव्हा पाणी घाल. मोरपंखीजवळ मात्र ती हिरवी दिसत असली तरी जाऊन बस, बोटाने माती उकरून बघ.

परवा असरच्या सुमाराला गुलबक्षी उमलत होती. अब्बा ओट्यावर बसले होते. कुणी काही विचारलं नव्हतं, तरी म्हणाले, "आज जरा गरगरल्यासारखं वाटतंय." अम्मी हातातलं सूप खाली ठेवून यंत्र आणायला उठली. आम्हीही उठलो. रक्तदाब ठीक निघाला, दुपारी जेवण कमी झालं होतं, एवढंच. पण तो दिवस आम्हाला फार चांगला गेला.