वेरूळच्या कड्यात दिसलेली विहीर

श्रावणी सोमवारी घृष्णेश्वराच्या दर्शनाला आम्ही घरची सातजणे निघालो, तेव्हा लेण्यांचा विचार कोणाच्या मनात नव्हता. विहिरीचा मात्र होता. १९७२ च्या दुष्काळात आमच्या तात्यांनी दोन बैल विकून ४५ फूट विहीर खणली. खाली काळा फत्तर लागला. पहार मारली की घंटेसारखा वाजे. पावसाळ्यानंतर चार महिने पाणी, मग तळ उघडा. आता पुतण्या म्हणत होता, कर्ज काढू आणि सुरुंग लावून आणखी २० फूट खाली जाऊ. तात्या हो म्हणत नव्हते आणि नाहीही म्हणत नव्हते.

छत्रपती संभाजीनगर, म्हणजे आपले जुने औरंगाबाद, तिथून वेरूळ ३० किलोमीटरांच्या आसपास. वाटेत दौलताबादचा डोंगर लागतो. त्याचे कडे माणसाने तासून सरळ केले आहेत. तात्या खिडकीतून म्हणाले, "हाच आपला दगड."

तात्यांचे खरे होते. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी इथली जमीन फाटली आणि लाव्हा बाहेर आला. शंकूसारख्या एखाद्या डोंगरातून नव्हे, लांबच लांब भेगांतून. आइसलँड नावाच्या बेटावर आजही तसाच निघतो. १७८३ साली तिथे निघालेल्या लाव्ह्याने मैलोगणती मुलूख झाकला होता. आपल्याकडे एकावर एक असे कितीतरी थर पडले. आज उरलेला खडकच सुमारे ५ लाख चौरस किलोमीटरांवर पसरलेला आहे.

दर्शन आटोपून आम्ही लेण्यांत शिरलो. एकूण ३४ लेणी. १६ वे कैलास. आठव्या शतकात राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळात ते वरून खाली कोरत आणले. आधी कळस, मग पाया. आपण विहीर खणतो त्याच रीतीने, फक्त मधला भाग ठेवून! एवढे कोरीव काम पेलायला खडक एकजीव लागतो. फेल्डस्पार नावाचे फिकट खनिज, पायरॉक्सिन नावाचे काळपट खनिज आणि लोखंडाचे बारीक कण एकमेकांत घट्ट गुंतून हा दगड झाला. मुलांनी ओढ्याच्या वाळूत लोहचुंबक फिरवून पाहावा, काळी कचकच चिकटेल. तेच ते कण.

पण सगळा दगड असा नसतो. एका लेण्याच्या भिंतीत पुतण्याला पांढरे ठिपके दिसले. कोणी शाबूदाणा फासल्यासारखे. काही हरभऱ्याएवढे, काहींत चकाकणाऱ्या पाकळ्या. लाव्हा थंड होताना वायूचे बुडबुडे वर येतात आणि थराच्या डोक्याशी अडकून भोके राहतात. पुढे खडकातून गरम पाणी झिरपले, त्याने दगडातला चुना, सोडा आणि वाळूचा अंश विरघळवून त्या भोकांत साठवला. हे खडे म्हणजे झिओलाइट. १७५६ मध्ये क्रॉनस्टेट या स्वीडिश गृहस्थाने नाव दिले, अर्थ 'उकळणारा दगड'. कारण तापवला की त्याच्या पोटातले पाणी वाफ होऊन निघते. दगडाच्या पोटात पाणी! तात्यांना हे फारच आवडले, दोनदा सांगायला लावले.

अशा ठिपक्यांच्या खडकाला आपल्याकडे मांजऱ्या म्हणतात. तो लवकर कुजतो. फेल्डस्पारची चिकणमाती होते, लोखंड गंजून तांबूस रंग येतो, चुना सुटून शेतात चुनखडीचे खडे बनतात. आधी मुरूम, मग काळी माती. ती पाण्याने फुगते आणि उन्हाने आकसते, म्हणून चैत्रात शेताला हात जाईल एवढ्या भेगा. अजिंठ्याच्या चित्रांतला हिरवा रंगसुद्धा अशाच भोकांत तयार होणाऱ्या हिरव्या खनिजाचा. आपल्या पायाखालच्या मातीने तेवढी शोभा आणली, हे घरच्या बायकांना कोणी सांगितले नव्हते.

परतताना रस्त्यासाठी फोडलेल्या एका दरडीपाशी तात्यांनी गाडी थांबवायला लावली. वर काळा फत्तर, त्याखाली हातभर गेरूचा पट्टा, त्याखाली कुजका मांजऱ्या. फत्तर कोरडा ठणठणीत होता, मांजऱ्यातून मात्र पाणी पाझरत होते. गेरू चिकट, त्यातून पाणी सहजी उतरत नाही. पण मांजऱ्याचा थर पुढे एखाद्या नाल्यात उघडा पडतो आणि तिथून पाणी आत शिरते. खडे भोकांत गच्च बसलेले असतील तर उपयोग नाही. खडक कुजून सुटला असेल तरच.

तात्या म्हणाले, "आपल्या विहिरीत २८ फुटांवर तांबडा पट्टा आहे. मी तो ओलांडून खाली गेलो."

पुतण्या म्हणाला, "मग तात्या, इतकी वर्षं बोलला का नाहीत?"

"मला वाटलं, खोल गेलं की पाणी."

सुरुंगाचा बेत राहिला. माघात पट्ट्याच्या खालच्या अंगाला, नाल्याच्या दिशेने आडवी बोअर घेतली. पहिली दोन कोरडी गेली आणि घरात कोणी कोणाशी बोलेना. तिसऱ्या बोअरातून करंगळीएवढी धार लागली. वैशाखातही ती तुटली नाही. ऊस नाही होणार तिच्यावर. पण गुरांचे पाणी आणि अर्धा एकर कडवळ निघाले. तात्या रोज संध्याकाळी विहिरीच्या काठाशी बसून धारेचा आवाज ऐकतात.