उन्हाळ्यातल्या कुंड्या आणि शेवंतीचं बेणं



मे चा तिसरा आठवडा चालू आहे अन् पारा ४३ च्या खाली यायला तयार नाही. रानात सध्या काम कमी, म्हणून आज कापूस-सोयाबीन सोडून कुंड्यांवर लिहितो. हसू नका. आमच्या १० गुंठे शेवंतीचं सगळं बेणं सध्या आखाड्यावरच्या ६० कुंड्या-पिशव्यांत बसलंय. जून-जुलैत त्यांचेच शेंडे खुडून रोपं करायची, तेव्हा कुठं दसरा-दिवाळीला फूल. मातृरोप मेलं की रोपं विकत आणा, अन् विकतच्या रोपात कोणती जात निघाली ते फूल उमलल्यावरच कळतं. सूनबाईचे गुलाब, मोगरा, जास्वंद आहेत ते वेगळेच.

विहिरीनं तळ गाठलाय. दिवसाआड पाऊण तास मोटार चालते. आधी जनावरं अन् माणसं, मग उरलं तर कुंड्या. माय परवा म्हणाली, "प्यायला पाणी नाही अन् फुलाला घालता?" तिचं चूक नाही. त्यामुळं जास्तीचं पाणी न घालता कुंड्या कशा जगवायच्या, एवढाच प्रश्न उरला. भाजी अन् तांदूळ धुतलेलं पाणी सूनबाई बादलीत धरून ठेवते, बराच भार त्याच्यावरच आहे.

बहुतेकजण वरच्या पानाला सावली करतात, पण खरा मार बसतो कुंडीला. जमिनीतलं झाड मुळी खाली थंडाव्याला नेतं. कुंडीत जागाच नाही, मुळी कडेला चिकटून गोल फिरते. दुपारी ३ वाजता पश्चिमेच्या उन्हात ठेवलेल्या काळ्या पिशवीला हात लावून बघा, चटका बसतो. आतून तिथंच पांढरी मुळी चिकटलेली असते, ती भाजते. मुळी गेली की माती ओली असूनही पान मान टाकतं. मग माणूस म्हणतो पाणी कमी पडलं, अन् अजून ओततो. गरम चिखलात उरलेली मुळीही सडते.

आम्ही सगळ्या कुंड्या लिंबाच्या पूर्वेला, एकमेकीला खेटून ठेवल्यात, म्हणजे एकीची सावली दुसरीला. पश्चिमेकडच्या बाहेरच्या रांगेला बारदान गुंडाळलंय, ते सकाळी ओलं करतो. पिशव्यांसाठी वीतभर खोल चर काढला, त्यात पिशव्या उतरवून बाजूनं माती लावली. सगळ्यात जास्त फरक याच्यानं पडला. एक पैसा लागला नाही, नुसती कुदळ लागली. वर दोन बोटं सोयाबीनचा भुसा, खोडाला न टेकवता. भुशात निंबोळी पेंड मिसळा, नाहीतर वाळवी येते. आमच्या चार कुंड्या वाळवीनंच गेल्या.

शेडनेट ५० टक्क्यांचं पुरतं. ते पुरुषभर उंचीवर बांधा अन् बाजू मोकळ्या ठेवा. काहीजण रोपाच्या डोक्याला टेकवून बांधतात, त्याखाली हवा कोंडून भट्टी होते. मोगऱ्याला मात्र सावलीत कोंडू नका. त्याचा बहरच उन्हाळ्यातला, ऊन कमी झालं की नुसता पाला वाढतो. त्याची कुंडी झाका, झाड उन्हात राहू द्या. गुलाबाला सकाळचं ऊन अन् दुपारनंतर सावली.

पाणी सकाळी ७ च्या आत. पाईप उन्हात पडलेला असेल तर त्यातलं पहिलं पाणी बादलीत काढा, ते चहासारखं गरम असतं. बोट दोन पेरं मातीत घालून बघायचं, ओल लागली तर त्या दिवशी त्या कुंडीला सुट्टी. दुपारी मान टाकलेलं रोप संध्याकाळी आपसूक उभं राहिलं तर त्याला तहान नव्हती, ते उन्हानं दमलं होतं. सकाळीही मान खालीच असेल तेव्हा काळजी करा, आधी मुळी तपासा.

युरिया सध्या बंद. उन्हात फुटलेला कोवळा पाला करपतो, अन् कोरड्या कुंडीतलं खत मुळीला जाळतं. दुकानात उन्हाळी टॉनिक म्हणून बाटल्या दाखवतात. भाजलेल्या मुळीला टॉनिक काय करणार? गुलाबाच्या पानामागं बारीक जाळं अन् वर पिवळे ठिपके दिसले तर तो लाल कोळी. सकाळी हातपंपानं पानाच्या खालून नुसत्या पाण्याचा जोरात फवारा मारा, दोन-तीन दिवसांनी परत.

आज मोजलं तर ६० पैकी ५४ हिरव्या आहेत. २५ तारखेला रोहिणी लागते, तो ताप अजून बाकी आहे. सूनबाईनं आजच सांगितलं, "मामा, अजून चार बारदानं लागतील." मृगाचा पाऊस पडल्यावर नेट एका दिवशी ओढून काढणार नाही. आधी सकाळी दोन तास उघडं, मग अर्धा दिवस, असं आठवडाभर. सावलीला सवकलेलं पान एकदम उन्हात आलं की करपतं, अन् शेंडे खुडायची वेळ नेमकी तेव्हाच असते.